भिंतीतला व्हॅक्युम की हातातला?

बंगल्याच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, गिलावा व्हायचा आहे आणि वायरमन झिऱ्या मारायला आला आहे. नेमक्या याच आठवड्यात कुणीतरी सेंट्रल व्हॅक्युमचा विषय काढतं. कधी कॅनडातला भाचा फोनवर सांगतो, कधी आर्किटेक्ट पुण्यातलं एखादं भारी घर बघून आलेले असतात. मालकाला दोन-चार दिवसांत हो की नाही ते सांगायचं असतं, कारण एकदा गिलावा चढला की पाइप घालायचा म्हणजे झालेलं काम फोडायचं. असा घाईतला होकार मग घर असेपर्यंत भिंतीत राहतो. म्हणून कोल्हापुरात नागाळा पार्कात असो की आर. के. नगरात, घर बांधायला काढलं असेल तर हा विचार पाया भरतानाच करून ठेवा.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना हातातला, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा चांगला व्हॅक्युम क्लीनर पुरतो. भिंतीतला व्हॅक्युम वाईट नाही. तो ज्या घरासाठी जन्मला ते घर आपलं नाही, एवढंच. तरीही काही घरांना तो खरोखर उपयोगी पडेल. तुमचं घर त्यात बसतं का, हे ठरवायला आधी त्याची रचना समजून घ्यावी लागेल.

सेंट्रल व्हॅक्युमची मोटर आणि धुळीचा डबा एकाच जागी, बहुधा पार्किंगमध्ये किंवा स्टोअरच्या खोलीत, भिंतीला टांगलेला असतो. तिथून दोन इंची पीव्हीसी पाइप भिंतीतून किंवा छताखालून खोल्याखोल्यांत जातो. खोलीच्या भिंतीवर स्विचबोर्डाएवढं झाकणाचं तोंड असतं. नऊ-दहा मीटर लांबीची नळी त्यात खुपसली की मोटर सुरू होते आणि धूळ थेट लांबच्या डब्यात जाऊन पडते. डबा काही महिन्यांनी रिकामा करायचा. मोटरची घरघर खोलीत येत नाही आणि डब्यातून सुटलेली हवा घराबाहेर सोडता येते. या शेवटच्या गोष्टीला खरी किंमत आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

गंमत म्हणजे यंत्रानं धूळ ओढण्याची सुरुवातच या पद्धतीनं झाली. १९०१ मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ यानं पेट्रोल इंजिनावर चालणारा पंप घोडागाडीवर बसवला. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. पुढच्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानं या यंत्रानं साफ केले. त्याच समारंभासाठी आपले शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. हातात धरून फिरवायचं यंत्र नंतर आलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँगलर नावाचा दम्यानं बेजार झालेला सफाई कामगार होता. झाडूनं उडणाऱ्या धुळीला कंटाळून त्यानं पंख्याची मोटर, खोकं आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं, १९०८ मध्ये पेटंट मिळवलं आणि हूवर कुटुंबाला विकलं. आपल्याकडे १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण ‘युरोक्लीन’ घेऊन दारोदार फिरू लागले. सोफ्यातून निघालेली मूठभर धूळ पांढऱ्या कापडावर दाखवली की गृहिणीला आपल्याच घराची लाज वाटायची आणि पावती फाटायची. त्यातली कितीतरी यंत्रं पुढं माळ्यावर गेली. का गेली, ते पुढे सांगतो; नव्या खरेदीत उपयोगी पडेल.

अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपात सेंट्रल व्हॅक्युम रुजला त्याची कारणं तिथल्या बांधकामात आहेत. घर लाकडी चौकटीचं, चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड आणि मधे पोकळी. त्या पोकळीतून पाइप नेणं म्हणजे एका दिवसाचं काम. मोटर ठेवायला तळघर किंवा गॅरेज असतंच. आणि जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला गालिचा. तो झाडूला दाद देत नाही, उचलून उन्हात टाकता येत नाही, गच्चीवर नेऊन बडवता येत नाही. त्यातली धूळ ओढून काढण्यावाचून दुसरा मार्गच नाही.

आता आपली भिंत बघा. बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची, दोन्ही विटांच्या. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा आणि आडवी झिरी सहाव्या हिश्श्यापेक्षा खोल मारू नये, असा बांधकामातला नियम आहे. साडेचार इंच म्हणजे ११५ मिलिमीटर; तिसरा हिस्सा ३८ मिलिमीटर. पाइपचा बाहेरचा व्यास ५१ मिलिमीटर. म्हणजे आतल्या भिंतीत हा पाइप नियमानं बसतच नाही. नऊ इंची भिंतीत उभा जाईल, आडवा तिथंही नाही. गवंडी मात्र ‘बसवतो की, त्यात काय!’ म्हणून ग्राइंडर लावेल आणि अर्धी भिंत कोरून मोकळा होईल. वर्षभरात त्या रेषेवर गिलाव्याला तडा दिसतो. कॉलम आणि बीमला तर हातच लावायचा नाही. बीममधून पाइप न्यायचाच असेल तर स्लॅब भरण्याआधी त्या जागी मोकळी नळी ठेवावी लागते आणि ती जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवायची असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा विषय इथंच सोडावा.

भिंतीनंतर फरशी. जुन्या वाड्यांत शहाबादी, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बंगल्यांत मोझॅक किंवा कोटा, आता व्हिट्रिफाइड. सगळ्या गुळगुळीत आणि पाण्यानं पुसता येणाऱ्या. आपल्याकडे रोज केर काढतात आणि रोज पुसतात. व्हॅक्युम फक्त केराचं काम करतो, पुसणं चुकत नाही. मग दहा मिनिटांत झाडूनं होणाऱ्या कामासाठी लाखापुढचा खर्च करायचा का, हा साधा हिशेब आहे. हॉलभर लाकडी फरशी किंवा गालिचा टाकणार असाल, तर गोष्ट वेगळी.

आपल्या घरात व्हॅक्युमची खरी कामं झाडू जिथं हरतो तिथं असतात. सोफ्याच्या सांध्यातले चिवड्याचे कण, गाद्या, पडदे, सरकत्या खिडक्यांची खाच, डासांची जाळी, पुस्तकांची कपाटं, पंख्याची पाती, जळमटं आणि मोटार. यातलं एकही रोजचं नाही. आठवड्याचं, पंधरवड्याचं, काही तर दिवाळी-पाडव्याचं. अशा कामाला हातातलं यंत्र सोयीचं पडतं, कारण ते कामाच्या जागी नेता येतं.

कोल्हापूरची धूळही बारा महिने एकसारखी नसते. गळीत हंगामात, दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत, पाचट पेटवलेल्या फडांवरून काळी राख उडत येते आणि गच्चीवर, गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ही राख हलकी आणि तेलकट असते; पुसायला गेलं की काळा फराटा उठतो, म्हणून आधी कोरडीच ओढून घ्यावी. पावसाळ्यात पन्हाळा-शाहूवाडीकडून आलेल्या चपलांना तांबडा चिखल, शिरोळ-हातकणंगल्याकडच्या चपलांना काळा. तो व्हॅक्युमचा विषयच नाही, दारातल्या पायपुसण्याचा आहे. सतत दमट हवेत गाद्यांमध्ये धुळीतले बारीक किडे वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण दमा आणि ॲलर्जी असलेल्या माणसाला पहाटे शिंका सुरू होतात त्यामागे अनेकदा हेच असतात.

अशा घरात सेंट्रल व्हॅक्युमची बाजू खरोखर मजबूत आहे. हातातलं यंत्र पुढून धूळ ओढतं आणि मागून हवा सोडतं. त्याची जाळी सुमार असेल तर सगळ्यात बारीक धूळ, म्हणजे छातीत जाणारी, तेच यंत्र खोलीभर पसरवतं. सेंट्रलची हवा बाहेर सोडली तर हा प्रश्न मुळातच मिटतो. घरात दम्याचा रुग्ण आहे, घर नवं आहे, दोन मजली आहे, क्षेत्र अडीच-तीन हजार चौरस फुटांच्या पुढं आहे, गालिचे किंवा लाकडी फरशी आहे आणि रोज यंत्र फिरवणारा माणूस घरात आहे, अशा सगळ्या गोष्टी जुळत असतील तर सेंट्रलचा विचार जरूर करा. नुसता दमा असेल तर मात्र चांगल्या गाळणीचं हातातलं यंत्र, गाद्यांना खोळी आणि चादरी साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुणं यांनी बरंच साधतं, तेही फार कमी पैशांत. व्हॅक्युमनं दमा बरा होतो असं विक्रेता म्हणाला तर तिथून उठावं. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं.

सेंट्रल घ्यायचं ठरलंच, तर यंत्राच्या कंपनीपेक्षा पाइपाकडे जास्त लक्ष द्या. मोटर बदलता येते, पाइप बदलता येत नाही. साधा पाण्याचा पाइप आणि त्याचे कोपरे इथं चालत नाहीत. पाण्याच्या जोडाला आतून कडा असते, तिथं केस अडकतो, केसात धागा अडकतो आणि वर्षभरात बोळा तयार होतो. या कामाचे जोड आतून सपाट असतात आणि वळणं लांब, गोलसर असतात. काटकोनी छोटं वळण फक्त भिंतीवरच्या तोंडामागे चालतं, तेही मुद्दाम: जे अडकायचं ते हाताला लागेल अशा पहिल्याच ठिकाणी अडकावं म्हणून. पाइप कापल्यावर आतली खरखरीत कड घासून घेतली का, हे स्वतः बोट फिरवून बघा. पाइपाबरोबर नळीच्या तोंडापर्यंत दोन तारांची कमी दाबाची वायर जाते, त्यावर मोटर चालू-बंद होते; ती वेगळ्या नळीतून न्या, घरातल्या २३० व्होल्टच्या वायरींबरोबर नको.

तोंडं किती ठेवायची? कमीत कमी. मजल्यावर एक किंवा दोन. नकाशावर सुतळी घेऊन बसा. नळी दारातून वळसा घेत, पलंगाला फेरा मारत पलीकडच्या कोपऱ्यात पोचली पाहिजे; कागदावर सरळ रेघ मारून मोजलं तर हमखास कमी पडते. तोंड कपाटामागं जाणार नाही याची खात्री करा. एक तोंड पार्किंगमध्ये ठेवाच, मोटार साफ करायला त्यासारखी सोय नाही. स्वयंपाकघरात कट्ट्याखालच्या स्कर्टिंगला जमिनीलगतची एक चपटी खाच मिळते. पायानं कळ दाबायची आणि झाडूनं लोटलेला केर तिच्यापुढं न्यायचा. सगळ्या सेंट्रल प्रकारात आपल्या पद्धतीला जवळची वाटते ती हीच एक गोष्ट: झाडू हातातच राहतो, सुपली जाते. तिच्यात ओला केर मात्र जाता कामा नये. कांद्याची पात, भिजलेली डाळ, खरकटं गेलं की पाइपात वास धरतो आणि मग झुरळं येतात.

आज पैसे नसतील तर पाइप आणि वायर तेवढी टाकून ठेवा, तोंडं झाकणानं बंद करा, मोटर नंतर घ्या. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फुटपट्टी लावून फोटो काढा, नाहीतर पाच वर्षांनी देवाची तसबीर टांगताना खिळा पाइपात जाईल. आणि मोटर विकणाऱ्याला एक प्रश्न आधी विचारा: दुरुस्तीला येणारा माणूस कोल्हापुरात राहतो की पुण्या-मुंबईहून येणार? बाहेरून येणार असेल तर त्याच्या फेरीचे पैसे कोण देणार, हे लिहून घ्या.

मोटर कुठे टांगायची यालाही आपल्या गावात वेगळा अर्थ आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी, दुधाळी, शुक्रवार पेठ, नागाळा पार्काचा काही भाग यांनी ते बघितलं आहे. अशा भागात पार्किंगमध्ये टांगलेली मोटर पहिली बुडेल आणि खालच्या मजल्याच्या तोंडांतून गाळ पाइपात शिरेल. भिंतीतल्या पाइपातला वाळलेला गाळ काढणं जवळजवळ अशक्य. पूररेषेजवळ घर असेल तर सेंट्रल नकोच. हौस असेल तर मोटर वरच्या मजल्यावर आणि तळमजल्याला एकही तोंड नको.

पुराच्या गावात ओलं-सुकं ओढणारा ड्रमचा व्हॅक्युम हेच खरं कामाचं यंत्र. पंधरा-वीस लिटरचा डबा, खाली चाकं आणि जाड नळी. पाणी ओढताना कागदी गाळणी आणि पिशवी काढून फोमची गाळणी लावायची. हे विसरलं की कागदाचा लगदा होतो. डबा भरला की आतला तरंगता गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो आणि यंत्राचा आवाज एकदम चढतो. तेव्हा बंद करून डबा उपसायचा. घट्ट गाळ आधी फावड्यानं आणि खराट्यानं काढा, मग पाण्यानं पातळ करून यंत्र लावा. नुसता चिखल ओढायला गेलात तर नळी चोंदेल. आणि पूर ओसरल्यावर वायरमननं घरातलं वायरिंग तपासून हो म्हटल्याशिवाय कुठलंच यंत्र प्लगला लावू नका.

आता दुकानात काय बघायचं ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं ते. किती ओढतं ते नव्हे. युरोपीय संघानं २०१४ मध्ये व्हॅक्युमला १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं स्वच्छच आहेत. ओढण्याची ताकद किलोपास्कलमध्ये आणि हवेचा प्रवाह दर सेकंदाला किती लिटर यात दिलेला असतो. दोन्ही बघा, नुसत्या ताकदीला प्रवाहाची जोड नसेल तर केर तोंडाला चिकटतो, आत जात नाही. विजेच्या बिलाची भीती बाळगू नका. १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चालवलं तर अर्धं युनिट जळतं.

प्लग मात्र बघाच. १५०० वॅटच्या यंत्राला साडेसहा अँपिअर लागतात आणि बैठकीतला साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. जुन्या घरात सोळा अँपिअरचा पॉवर प्लग बऱ्याचदा फक्त गिझर आणि फ्रिजपाशी असतो. मग लोक वायरीचं भेंडोळं ओढतात, ते तापतं आणि वास येतो. नवं घर बांधत असाल तर माझा सल्ला असा: दोन इंची पाइपावर पैसे घालण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ आणि हॉलच्या मध्यावर एकेक पॉवर प्लग काढून घ्या. अगदी थोड्या खर्चात हातातलं यंत्र सेंट्रलइतकं सोयीचं होतं. दुमजली घर असेल तर वर एक आणि खाली एक अशी दोन साधी यंत्रं ठेवली तरी सेंट्रलच्या पाइपाच्या खर्चाजवळसुद्धा जात नाही, आणि जिन्यावरून ओझं नेणं वाचतं.

गाळणीबाबत दुकानदार ‘हेपा’ म्हणेल. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखी’ असे शब्द दिसले तर ती हेपा नव्हे. ॲलर्जीच्या घरात पिशवीचं यंत्र घ्या. पिशवीचा खर्च येतो, पण भरलेली पिशवी तशीच बांधून टाकता येते. बिनपिशवीचा पारदर्शक डबा दुकानात छान दिसतो. तो कचरापेटीवर उपडा करताना ओढलेली निम्मी धूळ तुमच्याच तोंडावर येते. बिनवायरीची, काठीसारखी यंत्रं हलकी आहेत आणि मोटारीला, सोफ्याला झकास चालतात. पूर्ण जोरात त्यांची बॅटरी फार वेळ पुरत नाही, आणि काही वर्षांनी ती उतरली की नवी बॅटरी महाग पडते. फरशीवर आपोआप फिरणारा रोबो उंबरे, पाट आणि जमिनीवर बसून जेवणाऱ्या घराला रुचत नाही. फ्लॅटमध्ये एकट्या-दुकट्यानं राहणाऱ्याला रुचेल.

वापरात काही गोष्टी अगदी आपल्याकडच्या. चैत्रात जोतिबाहून आलेल्या गाडीत सीटच्या शिवणीपर्यंत गुलाल असतो. पहिलं पाऊल ओला फडका हे असलं तर सीट कायमचं गुलाबी झालंच म्हणून समजा. आधी पूर्ण कोरडं ओढा, मऊ ब्रशनं झटका, पुन्हा ओढा, मग पुसा. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा याहून चिवट. हळद साबणाला लागली की लाल होते, म्हणून तिथंही साबण शेवटी. गुलाल, भंडारा, पीठ, रांगोळी, सिमेंट या सगळ्या इतक्या बारीक पुडी आहेत की गाळणीची छिद्रं मिनिटांत बुजतात आणि मोटर तापते. असं काही ओढायचं असेल तर पिशवी लावूनच, थोडं थोडं, आणि नंतर गाळणी झटकून. रांगोळीला तर केरसुणीच बरी. देवघरातली राख उदबत्ती विझून बराच वेळ झाल्याशिवाय ओढू नये. एक ठिणगी पिशवीत गेली तर पिशवी आतल्या आत धुमसते.

माळ्यावर गेलेल्या यंत्रांचं कारण मला तरी एकच दिसतं: घेताना जो माणूस ते वापरणार होता त्याला कुणी विचारलंच नाही. घरात केर-फरशी मावशी करत असतील तर यंत्र त्यांच्या हातात देऊन बघा. त्यांना चार घरं करायची असतात. नळी जोडा, प्लग शोधा, डबा धुवा यात वेळ गेला तर दुसऱ्या दिवशी त्या मुकाट्यानं झाडू घेणार, आणि बरोबर करणार. दहा मीटरची सेंट्रल नळी तर वेटोळं करून टांगायलाही दोन हात आणि भिंतीवर जागा लागते. व्हॅक्युमचं काम मावशींकडून करून घ्यायचं असेल तर आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशीचा केर माफ करा आणि वरचे पैसे ठरवून द्या. घरातल्या माणसानंच चालवायचं असेल तर यंत्र माळ्यावर ठेवू नका. कपाटाच्या खालच्या कप्प्यात नळी जोडलेल्या अवस्थेत ठेवा.

घराबाहेर, कारखान्यांत मात्र माझं मत उलटं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातल्या फौंड्रीत वाळूची जी धूळ उडते तिच्यातली सिलिका फुप्फुसात साठते आणि त्यानं होणाऱ्या सिलिकोसिसवर उलट फिरवणारा इलाज नाही. तिथं झाडू मारणं किंवा हवेच्या नळीनं फुंकणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा कामगाराच्या नाकापुढं उडवणं. अशा ठिकाणी थ्री फेजवर चालणारा, योग्य गाळणीचा औद्योगिक सेंट्रल व्हॅक्युम घेतलाच पाहिजे. तो घरगुती कॅटलॉगमधून निवडायचा नसतो. धुळीचा प्रकार सांगून, जाणत्या इंजिनिअरकडून पाइपाचा हिशेब करून घ्यायचा. इचलकरंजीच्या मागावरच्या तुसाचंही तसंच. साध्या व्हॅक्युमच्या मोटरीतले कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात आणि कापसाच्या तुसाला तेवढी पुरते. ॲल्युमिनियमची बारीक पूड तर स्फोटक असते, तिला घरगुती यंत्र लावूच नये.

गुजरीतल्या सराफ कारागिरांचा आणि हुपरीच्या चांदीवाल्यांचा प्रश्न आणखी निराळा, कारण त्यांचा केर विकला जातो. पेढीवरची माती धुऊन सोनं-चांदी काढणारे झारेकरी उगाच फिरत नाहीत. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, चांदी दहापट. लांबच्या आडव्या पाइपात असे जड कण तळाशी बसून राहतात, डब्यापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय पाच कारागिरांचा केर एका डब्यात पडला तर घट कुणाची हे कळणार कसं? तिथं प्रत्येक टेबलाला वेगळी पिशवी आणि वेगळं छोटं यंत्र हेच सोयीचं. पिशवीवर नाव लिहायचं आणि आठवड्याला वजन करायचं.

घरासाठी शेवटी दुकानात गेलात की यंत्र चालू करून दाखवायला सांगा. नळीच्या तोंडावर तळहात ठेवा आणि काढा, मग डबा अर्धा भरलेला असताना तसंच करून बघता येतं का विचारा. रिकाम्या डब्यावर सगळीच यंत्रं जोरदार वाटतात. कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का, हेही विचारा. येत असतील तर उद्यमनगरातला कुठलाही मोटर-दुरुस्तीवाला यंत्राला आणखी काही वर्षं चालवून देईल. सोफ्याचं तोंड, खाचेचं चपटं तोंड आणि मऊ ब्रश, हे तीन सोबत हवेतच. बाकीची आठ-दहा तोंडं खोकं मोठं दिसावं म्हणून असतात. पिशव्यांची दोन पाकिटं त्याच दिवशी घ्या, कारण मॉडेल बंद झालं की बाजारातून आधी पिशव्याच नाहीशा होतात.